हरवलेले मूल, शोषित मूल : आंतरराष्ट्रीय संस्थांच्या उगमाविषयी

हरवलेल्या मुलांचा शोध घेणे आणि मुलांच्या शोषणाला आळा घालणे ही दोन कामे आज जगभर बहुधा एकाच संस्थेकडे सोपवलेली असतात, आणि त्यामुळे ती मुळापासून एकच असावीत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ शंभर वर्षे ही कामे एकमेकांशी फारसा संबंध न ठेवता चालली. शोषणाविरुद्धची चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील नीतिसुधारकांनी उभी केली आणि तिचा सारा भर कायद्यावर व राष्ट्राराष्ट्रांतील करारांवर होता. हरवलेल्या मुलांच्या शोधाची परंपरा महायुद्धांतून, फाळणीतून आणि लष्करी राजवटींतून निघाली, आणि तिची हत्यारे नोंदपत्र, छायाचित्र, यादी आणि पुढे रक्ताचा नमुना अशी होती. १९८० नंतरच्या दोन दशकांत अमेरिका आणि बेल्जियम या देशांत घडलेल्या काही गुन्ह्यांनी, व त्यांवर उसळलेल्या लोकक्षोभाने, या दोन परंपरांची सांगड घातली. या सांगडीने पुष्कळ काही साधले, याबद्दल वाद नाही. पण यातील प्रत्येक संस्था मूल पळवणाऱ्याची एक विशिष्ट प्रतिमा डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली, कधी परदेशी दलाल, कधी शत्रुसैन्य, कधी दुकानात भेटणारा अनोळखी पुरुष, आणि ती प्रतिमा पुसट झाल्यावरही तिच्यासाठी घडवलेली साधने टिकून राहिली व कोणते मूल हरवलेले मानायचे हे बऱ्याच अंशी तीच ठरवू लागली. या विषयाचा इतिहास म्हणूनच संस्थांच्या नामावळीपेक्षा त्यांच्या साधनांच्या अंगाने वाचणे अधिक फलदायी ठरते.

शोषणाविरुद्धच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः १८८५ या वर्षापासून धरला जातो. त्या वर्षीच्या जुलैमध्ये लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट' या दैनिकाचे संपादक विल्यम थॉमस स्टेड यांनी शहरातील कुंटणखान्यांसाठी चालणाऱ्या अल्पवयीन मुलींच्या खरेदीविक्रीवर एक लेखमाला प्रसिद्ध केली, आणि असा व्यवहार किती सहज होतो हे सिद्ध करण्यासाठी मध्यस्थांमार्फत तेरा वर्षांची एक मुलगी स्वतःच पाच पौंडांच्या बोलीवर विकत घेतली. लेखमालेने अशी खळबळ माजली की दीर्घकाळ रखडलेले विधेयक पार्लमेंटने काही आठवड्यांतच संमत केले आणि मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे किमान वय, १३ वरून १६ वर नेले. स्टेड यांना मात्र याच प्रकरणात अपहरणाबद्दल तीन महिन्यांची कैद झाली, कारण मुलीच्या वडिलांची परवानगी घेतलेली नव्हती. मुलीवर काय बेतले यापेक्षा ती कोणाच्या ताब्यातून कोणाच्या संमतीवाचून नेली गेली, याचीच कायद्याला अधिक फिकीर होती. त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता, बेहरामजी मलबारी हिंदुस्थानातील संमतिवयाचा प्रश्न थेट लंडनच्या वर्तुळात नेऊन मांडत होते, आणि १८९१ मध्ये हे वय १० वरून १२ वर नेणाऱ्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी कसून विरोध केला होता, हे येथे नुसते नोंदवून पुढे जाणे योग्य; एवढे मात्र खरे की मुलीचे वय ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद पुणे-मुंबईत आणि लंडनमध्ये जवळजवळ एकाच वेळी चालू होता.

इंग्लंडमधील सुधारकांनी हा प्रश्न सीमेपलीकडे नेला तो 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' या नावाने. १९०४ मध्ये पॅरिस येथे झालेला समझोता आणि १९१० चा करार यांनी सहभागी सरकारांवर बंदरे व रेल्वेस्थानके यांवर पाळत ठेवण्याची, माहितीची देवाणघेवाण करण्याची आणि दलालांना शिक्षा करण्याची जबाबदारी टाकली. या करारांपुढची बळी ठरलेली स्त्री युरोपीय होती आणि तिला फसवणारा बहुधा परका होता. आशिया व आफ्रिकेतील मुली या चौकटीत नावापुरत्याही नव्हत्या. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने हा विषय हाती घेतला तेव्हा वर्णवाचक शब्द गळाला, आणि ३० सप्टेंबर १९२१ च्या जिनिव्हा करारात 'स्त्रिया व बालके' असा उल्लेख येऊन मुलगेही प्रथमच संरक्षणाच्या कक्षेत आले. याच कराराने वयाची मर्यादा २१ वर्षांपर्यंत वाढवली, पण हिंदुस्थानच्या वतीने सही करताना ती १६ वर्षे ठेवण्याची मुभा राखून ठेवण्यात आली, आणि वसाहतींना करार लागू न करण्याची सवलतही साम्राज्यसत्तांनी स्वतःसाठी ठेवली. राष्ट्रसंघाने पुढे पूर्वेकडील देशांत चौकशी आयोग पाठवला व १९३७ मध्ये जावातील बांडुंग येथे आशियातील सरकारांची परिषद भरवली. तथापि या साऱ्या खटाटोपात एखाद्या विशिष्ट हरवलेल्या मुलीचा शोध घेणारी यंत्रणा कुठेच नव्हती. करार होते, अहवाल होते, समित्या होत्या, पण मुलीचे नाव लिहिलेले नोंदपत्र नव्हते.

नोंदपत्र आले ते युद्धातून. ऑगस्ट १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी जी संस्था सुरू केली तिने हरवलेल्या माणसाचा शोध हे शास्त्रशुद्ध काम बनवले. प्रत्येक चौकशीचे एक पत्र, प्रत्येक माहितीचे एक पत्र, आणि दोन पत्रे वर्णानुक्रमाने एकाच जागी येऊन पडली की माणूस सापडला, अशी ही पद्धत होती. युद्धानंतर एग्लँटाइन जेब यांनी शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसाठी १९१९ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' स्थापन केली आणि त्यांनीच मसुदा केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला. अवघ्या पाच कलमांच्या या जाहीरनाम्यात शोषणापासून संरक्षणाचा उल्लेख आहे, परंतु जेब यांचे लक्ष मुख्यतः भुकेकडे होते आणि हरवलेले मूल हा स्वतंत्र प्रश्न म्हणून त्यांच्याही समोर नव्हता.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला १९४५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धाअखेर जर्मनीत असंख्य मुले अशी होती की त्यांचे आईवडील छळछावण्यांत मारले गेले होते, बेपत्ता होते, किंवा जर्मनीकरणाच्या धोरणाखाली ही मुले पोलंडसारख्या देशांतून लहानपणीच उचलून जर्मन घरांत ठेवली गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन प्रशासनाने, म्हणजे 'उन्रा'ने, डाखाऊजवळच्या इंडर्सडोर्फ येथील मठात जुलै १९४५ मध्ये अशा मुलांसाठी केंद्र उघडले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत तेथील मुलांची एकेक करून छायाचित्रे काढण्यात आली. प्रत्येक मुलाच्या हातात त्याचे नाव लिहिलेली पाटी, नजर सरळ कॅमेऱ्याकडे, अंगावर मिळेल त्या मापाचा कोट. ही छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून जगात कुठे कोणी नातेवाईक उरला असेल तर त्याच्यापर्यंत मूल पोहोचवावे, असा हेतू होता. हरवलेल्या मुलाचा चेहरा छापून लोकांना साद घालण्याची जी रीत पुढे अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर आली, तिचे हे आधीचे रूप होय. फरक एवढाच की इंडर्सडोर्फमध्ये मूल सापडलेले होते आणि हरवले होते ते त्याचे घर.

या शोधकार्यात एक पेच लवकरच पुढे आला. जर्मन कुटुंबात चार-पाच वर्षे वाढलेले, मातृभाषा विसरलेले आणि नव्या आईला बिलगलेले मूल शोधून काढल्यावर ते मूळ देशाला परत द्यावे की आहे तिथेच राहू द्यावे, यावर 'उन्रा'चे अधिकारी, लष्करी प्रशासन आणि संबंधित सरकारे यांच्यात तीव्र मतभेद झाले. मूल हा राष्ट्राचा ठेवा आहे असे एका बाजूचे म्हणणे होते, तर दुसऱ्या बाजूला मुलाचे स्वतःचे हित पुढे केले जात होते. शोधाचे तंत्र जितके पुढे गेले तितका 'शोधल्यानंतर काय' हा प्रश्न मागे पडला, असे या काळाबद्दल म्हणता येते.

हाच पेच त्याच सुमारास फाळणीनंतरच्या भारतीय उपखंडात अधिक कठोर रूपात उभा राहिला. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत व पाकिस्तान यांच्या सरकारांत पळवलेल्या स्त्रिया व मुले परत मिळवण्याबाबत समझोता झाला, मृदुला साराभाई यांच्या पुढाकाराने शोधपथके काम करू लागली, आणि १९४९ मध्ये भारताच्या संविधानसभेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. या कायद्यातील 'पळवलेली व्यक्ती' या संज्ञेत १६ वर्षांखालील मुलगा आणि कोणत्याही वयाची स्त्री येत असे. तिला परत जायचे आहे की नाही हे विचारण्याची कायद्याला गरज वाटली नाही, आणि पळवल्यानंतर तिला झालेले मूलही याच व्याख्येत गोवले गेले. दोन सार्वभौम राष्ट्रांनी हरवलेल्यांच्या शोधासाठी संयुक्त यंत्रणा चालवल्याचे हे जगातील आरंभीच्या मोठ्या उदाहरणांपैकी एक आहे, तरीही या विषयावरील पाश्चात्त्य ग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. तो सापडायला हवा, कारण प्रौढ स्त्रीला अल्पवयीन मुलाच्या पंक्तीला बसवून तिच्या वतीने राज्याने निर्णय घेणे हा शोधसंस्थांचा एक जुना आणि न सुटलेला दोष येथे उघड दिसतो.

शोधाच्या परंपरेला नवे वळण दिले ते अर्जेंटिनातील आज्यांनी. २४ मार्च १९७६ रोजी सत्ता बळकावलेल्या लष्करी राजवटीने हजारो विरोधकांना गुप्त तुरुंगांत नाहीसे केले. त्यांतील गरोदर स्त्रियांना बाळंतपण होईपर्यंत जिवंत ठेवून नंतर मारण्यात येई आणि बाळे खोट्या जन्मनोंदीसह लष्करी अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या मर्जीतल्या कुटुंबांना दिली जात. अशा मुलांची संख्या सुमारे ५०० असावी असा अंदाज आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये बारा स्त्रियांनी 'प्लासा दे मायोच्या आज्या' ही संघटना उभारली. तिच्यापुढची अडचण याआधी कोणत्याही शोधसंस्थेपुढे आलेली नव्हती. ज्या मुलाला शोधायचे त्याला कोणी पाहिलेले नव्हते, त्याचे नाव ठाऊक नव्हते, छायाचित्र असण्याचा प्रश्न नव्हता, आणि ज्यांच्याशी त्याचे नाते ताडून पाहायचे ते आईवडील जिवंत नव्हते. आजीच्या रक्तावरून नातवंडाची ओळख पटवता येईल का, हा प्रश्न घेऊन या आज्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. लोकशाही परतल्यानंतर १९८४ मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी या कामाला मोठी मदत केली. पुढे त्यांनी पेशीतील तंतुकणिका या घटकात असणारा आणि केवळ आईकडूनच अपत्याकडे येणारा डीएनए या कामी वापरला, कारण त्याच्या आधारे आईची आई आणि नातवंड यांची साखळी मधला दुवा नसतानाही जुळवता येते. १९८७ मध्ये अर्जेंटिनाने राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी स्थापन केली, जीत कुटुंबीयांचे नमुने भविष्यात केव्हातरी संशय घेऊन येणाऱ्या मुलासाठी जपून ठेवले जातात. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोतो यांना त्यांचा स्वतःचा नातू २०१४ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्मानंतर छत्तीस वर्षांनी मिळाला.

या चळवळीचे आंतरराष्ट्रीय फळ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील आठवे कलम. २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या या संहितेत नाव, राष्ट्रीयत्व आणि कौटुंबिक नाती यांसह स्वतःची ओळख टिकवण्याचा आणि ती हिरावली गेल्यास परत मिळवण्याचा हक्क अर्जेंटिनाच्या सूचनेवरून समाविष्ट झाला. चौतिसावे कलम लैंगिक शोषणाविरुद्ध आणि पस्तिसावे अपहरण व विक्रीविरुद्ध आहे, परंतु ती दोन्ही जुन्या करारपरंपरेची वारसदार आहेत. आठवे कलम तसे नाही. ते शोध घेणाऱ्यांच्या अनुभवातून आलेले आहे, आणि त्यात गुन्हेगार हा कोणी परका दलाल नसून राज्यसंस्थाच असू शकते, ही जाणीव आहे.

अमेरिकेतील घडामोडी याच काळातल्या, पण त्यांचा पोत निराळा. मे १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बसकडे प्रथमच एकटा निघालेला सहा वर्षांचा एक मुलगा नाहीसा झाला आणि जुलै १९८१ मध्ये फ्लोरिडातील एका मोठ्या दुकानातून त्याच वयाचा अ‍ॅडम वॉल्श पळवला जाऊन मारला गेला. अ‍ॅडमचे वडील जॉन वॉल्श यांनी देशापुढे जो मुद्दा ठेवला तो साधा आणि लाजिरवाणा होता. चोरीला गेलेली मोटार किंवा बंदूक एफबीआयच्या संगणकात तत्काळ नोंदली जात होती, परंतु हरवलेल्या मुलाची नोंद तेथे होईलच अशी कोणतीही खात्री पालकांना नव्हती. १९८२ च्या कायद्याने ही त्रुटी दूर केली आणि १९८४ मध्ये सरकारी अर्थसाहाय्यावर चालणारे 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' हे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्याच्या नावात शोषित मुले आली, याचे एक कारण केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात सापडते. तेथे एर्नी अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी पोलीस व समाजसेवक यांचे संयुक्त पथक चालवत होते, आणि घरातून निघून गेलेली मुले व लैंगिक शोषणाला बळी पडलेली मुले ही पुष्कळदा तीच असतात, असा त्यांचा अनुभव होता. राष्ट्रीय केंद्राने हा अनुभव नावात घेतला आणि दोन परंपरांची गाठ येथे प्रथम पक्की बांधली गेली.

मात्र जनतेच्या मनात जी प्रतिमा ठसली ती लुइव्हिलच्या पथकाची नव्हती, दुकानातल्या अनोळखी माणसाची होती. १९८४ च्या सप्टेंबरात आयोवा राज्यातील एका दूधडेअरीने वृत्तपत्रे टाकताना नाहीशा झालेल्या दोन मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली, पुढच्या वर्षी ही मोहीम देशभर पसरली, आणि लक्षावधी मुलांनी सकाळची न्याहारी आपल्याच वयाच्या बेपत्ता मुलाकडे पाहत केली. अनोळखी लोक वर्षाला ५० हजार मुले पळवतात, असा आकडा या काळात बिनदिक्कत सांगितला जात होता. 'डेन्व्हर पोस्ट' या दैनिकाने १९८५ मध्ये त्याची शहानिशा करून बहुतेक हरवलेली मुले ही ताब्याच्या भांडणात आई किंवा वडिलांनीच नेलेली, अथवा घर सोडून गेलेली असतात, हे दाखवले आणि त्यासाठी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९९० च्या सरकारी पाहणीत अनोळखी माणसाकडून होणारी गंभीर स्वरूपाची अपहरणे वर्षाला २०० ते ३०० एवढीच निघाली. बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्यासारख्यांनी मुलांच्या मनात विनाकारण भीती भरली जाते म्हणून खोक्यांवरील चित्रांना आक्षेप घेतला, आणि हळूहळू ती बंद पडली.

या चित्रांत न दिसणारी मुले हा याहून गंभीर विषय आहे. १९७९ ते १९८१ या काळात अटलांटा शहरात वीसहून अधिक कृष्णवर्णीय मुले व तरुण मारले गेले. कॅमिल बेल आणि इतर मातांनी समिती स्थापून पोलिसांचे दार ठोठावेपर्यंत या मृत्यूंत काही सूत्र असावे, असे यंत्रणेला वाटलेच नव्हते. राष्ट्रीय केंद्राच्या जन्मकथेत अटलांटाचा उल्लेख येतो खरा, पण प्रतिमा म्हणून टिकले ते उपनगरातले गोरे मूल.

आईवडीलच मूल नेतात, या वस्तुस्थितीवरचा आंतरराष्ट्रीय उपाय अमेरिकन केंद्राच्याही आधीचा आहे. २५ ऑक्टोबर १९८० च्या हेग कराराने असे ठरवले की १६ वर्षांखालील मूल एका पालकाने दुसऱ्याच्या हक्काचा भंग करून परदेशी नेल्यास ते तातडीने त्याच्या नित्य वास्तव्याच्या देशात परत पाठवावे आणि ताब्याचा निवाडा तिथल्या न्यायालयाने करावा. करारकर्त्यांच्या डोळ्यांसमोर ताबा न मिळालेला आणि सूडाने मूल पळवणारा बाप होता. प्रत्यक्षात मूल घेऊन मायदेशी परतणाऱ्यांत आयांचेच प्रमाण मोठे निघाले आणि त्यांतल्या कित्येक घरातल्या मारझोडीतून सुटून आलेल्या होत्या. भारताने या करारावर सही केलेली नाही, ती प्रामुख्याने याच आक्षेपामुळे, जरी विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील होण्याची शिफारस केली होती. अमेरिका-इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे असे तंटे पुण्या-मुंबईच्या न्यायालयांत येतात तेव्हा प्रत्येक प्रकरणाचा निवाडा मुलाच्या हिताच्या निकषावर स्वतंत्रपणे करावा लागतो, ही लवचिकता आहे की अनिश्चितता, यावर विधिज्ञांत एकमत नाही.

शोषणाच्या प्रश्नाला १९९० च्या दशकात आशियाने पुन्हा धार दिली. थायलंडमधील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेल्या 'एकपॅट' या मोहिमेने, पर्यटकांकडून होणाऱ्या बालशोषणाची जबाबदारी पर्यटक जिथून येतात त्या देशांनीही घ्यावी आणि परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल मायदेशी खटला चालवावा, अशी मागणी लावून धरली. गोव्यात याच सुमारास फ्रेडी पीट्स याचे प्रकरण उघडकीस आले. मडगावात अनाथाश्रम चालवणारा हा इसम तेथील मुले परदेशी पर्यटकांना पुरवत असे. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, पत्रकार शीला बारसे यांनी खटल्याचा चिवटपणे पाठपुरावा केला, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या अनुभवातून आलेल्या गोव्याच्या २००३ च्या बाल अधिनियमात, कुटुंबासोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये आणि त्याची जबाबदारी हॉटेलच्या मालक-व्यवस्थापकावर राहील, अशी तरतूद आहे. कागदावर ती लहानशी दिसते. पण गुन्हा नेमका कुठे घडतो हे ठाऊक असलेल्याच कोणीतरी ती लिहिली असावी.

'एकपॅट', युनिसेफ आणि स्वीडन सरकार यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये स्टॉकहोम येथे बालकांच्या व्यापारी लैंगिक शोषणाविरुद्ध पहिली जागतिक परिषद भरवली आणि १२२ देशांची सरकारे तिला हजर राहिली. परिषदेला सुरुवात होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी बेल्जियममध्ये मार्क द्युत्रू याला अटक झाली होती. त्याने सहा मुली पळवल्या होत्या, त्यांतील दोघी जिवंत सापडल्या. तपासात जे बाहेर आले त्याने देश हादरला: डिसेंबर १९९५ मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची दोनदा झडती घेतली होती, त्या वेळी आठ वर्षांच्या दोन मुली तळघरातील गुप्त कोठडीत होत्या, झडतीत हजर असलेल्या कुलूप उघडणाऱ्या कारागिराला मुलांचे आवाजही ऐकू आले होते, पण ते बाहेरून येत असावेत असे ठरवून पथक निघून गेले. दोन्ही मुली पुढे उपासमारीने मेल्या. तपासन्यायाधीशांनी पीडितांच्या मदतीसाठी भरवलेल्या जेवणाला हजेरी लावली, या तांत्रिक कारणावरून त्यांना प्रकरणातून दूर केले गेले तेव्हा लोकांचा संयम सुटला, आणि २० ऑक्टोबर १९९६ रोजी सुमारे तीन लाख माणसे पांढरे कपडे, पांढरे फुगे घेऊन ब्रसेल्सच्या रस्त्यांवर उतरली.

बेल्जियमच्या पालकांना नवी तत्त्वे नको होती. त्यांना अशी संस्था हवी होती जी पोलिसांच्या दोन खात्यांत फाइल अडकली तरी ती हलवू शकेल. अमेरिकन केंद्राचा नमुना समोर ठेवून १९९८ मध्ये ब्रसेल्समध्ये 'चाइल्ड फोकस' सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकन केंद्राच्या प्रेरणेने 'इंटरनॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' ही आंतरराष्ट्रीय संस्था व्हर्जिनियात स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील हरवलेल्या मुलांची छायाचित्रे एका जाळ्यात आणणे, मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्ध नमुना कायदा तयार करून देशोदेशींच्या कायद्यांची तुलना करणे, आणि पोलिसांना प्रशिक्षण देणे ही तिची आरंभीची कामे. युरोपातील संस्थांचा महासंघ २००१ मध्ये झाला व पुढे ११६००० हा एकच दूरध्वनी क्रमांक युरोपीय संघातील सर्व देशांसाठी राखून ठेवला गेला. न्यूयॉर्कच्या ज्या मुलापासून अमेरिकेतली ही चळवळ सुरू झाली त्याच्या नाहीसे होण्याचा दिवस, २५ मे, आता जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

इंटरनेट आल्यावर छायाचित्राचा अर्थच उलटा झाला. आजवर छायाचित्र हे शोधणाऱ्याच्या हातातले साधन होते. आता ते गुन्ह्याचा पुरावा आणि गुन्ह्याचा मालही झाले. इंटरपोलने २००१ मध्ये शोषणाच्या चित्रांचा संग्रह सुरू केला, ज्यातून खोलीची भिंत, चादर, विजेचे बटण अशा तपशिलांवरून देश ओळखून मुलापर्यंत पोहोचता येते, आणि २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट व संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी बनवलेल्या 'फोटोडीएनए' या तंत्राने एकदा सापडलेले चित्र बदल करून फिरवले तरी ते ओळखणे शक्य झाले. दोन परंपरांच्या सांगडीचे खरे समर्थन यातच आहे, कारण अशा चित्रातल्या मुलाची हरवल्याची तक्रार पुष्कळदा कोणी केलेलीच नसते. ते मूल आपल्याच घरी असते.

भारतातील परिस्थिती या इतिहासाशी ताडून पाहिली तर अमेरिकेच्या नेमकी उलट दिसते. तेथे अपहरणाची भीती वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी मोठी होती. येथे पोलीस ठाण्यावर 'मिसिंग' दाखल करायला गेलेल्या गरीब आईबापांना 'पळून गेला असेल, येईल दोन दिवसांत' असे ऐकवले जाई आणि स्टेशन डायरीतल्या एका ओळीवर प्रकरण संपे. कित्येकदा देण्यासाठी मुलाचे छायाचित्रही त्यांच्यापाशी नसते, आणि छायाचित्रावर उभारलेली आंतरराष्ट्रीय यंत्रणा अशा मुलाला पाहूच शकत नाही. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने प्रत्येक हरवलेल्या मुलाबाबत प्रथम खबर अहवाल नोंदवणे आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरणे बंधनकारक केले. बालमजुरी आणि घरकामासाठी होणारी मुलांची वाहतूक पाहता हे गृहीतक येथे रास्त आहे. त्याची दुसरी बाजू अशी की भारतात हरवल्याची नोंद होणाऱ्या मुलांत बहुसंख्य मुली असतात, त्यांतील सोळा-सतरा वर्षांच्या काही स्वखुशीने घर सोडून गेलेल्या असतात, आणि कायद्याच्या लेखी त्यांच्या खुशीला किंमत नसते.

शोधसंस्थांच्या साऱ्या परंपरेत तक्रारदार हा पालक किंवा राज्य असतो, आणि मूल हे शोधले जाणारे. या रचनेला छेद देणारा एक उपक्रम मुंबईत जन्मला, याची नोंद युरोप-अमेरिकाकेंद्री इतिहासांत पुरेशी झालेली नाही. जून १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसोबत 'चाइल्डलाइन' ही मोफत दूरध्वनीसेवा सुरू केली. १०९८ हा तिचा क्रमांक, 'दस-नौ-आठ' असा उलटा मोजत सांगितला की अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पाठ होणारा. येथे फोन करणारे मूल स्वतः होते, आणि त्याला घरी परत जायचेच आहे असे गृहीत धरलेले नव्हते. मार खाऊन पळालेल्या मुलाला आधी दवाखाना, निवारा आणि बोलायला माणूस हवा असतो, हे ओळखून सेवा आखली गेली होती. फोन आल्यावर मुलापर्यंत पोहोचणारे कार्यकर्तेही कित्येकदा त्याच रस्त्यांवर वाढलेले होते. हा अनुभव घेऊन २००३ मध्ये बिलिमोरिया यांनी अ‍ॅमस्टरडॅम येथे 'चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल' स्थापन केली, आणि पुढे शंभराहून अधिक देशांतील अशा सेवा तिच्याशी जोडल्या गेल्या. भारतात मात्र २०२३ पासून १०९८ ची व्यवस्था स्वयंसेवी संस्थांकडून काढून राज्य सरकारांच्या बालसंरक्षण यंत्रणेकडे देण्यात आली आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. ११२ हा मुळात पोलिसांचा, अग्निशमनाचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, आणि रस्त्यावरच्या ज्या मुलांसाठी १०९८ निघाला त्यांच्यातील अनेकांच्या लेखी पोलीस हेच टाळण्याचे पहिले माणूस असते.